डोंगरातल्या जुन्या घराची चिकित्सा

अलीकडे वैद्यवर्गात एक नवी आकांक्षा मूळ धरू लागली आहे. शहरातील चिकित्सालय स्थिरावले, मुले मार्गी लागली, की सह्याद्रीच्या कुशीत एखादे जुने कौलारू घर मिळवावे, ते दुरुस्त करावे आणि तेथे पंचकर्म केंद्र सुरू करावे, असा बेत बोलून दाखविणारे चार तरी वैद्यमित्र आपल्या संघटनेच्या प्रत्येक मेळाव्यात भेटतात. काही औषधनिर्मात्यांनीही आपल्या उत्पादनांच्या जोडीला असा ‘निसर्गनिवास’ उभारला आहे. हेतू शुद्ध असतो, उत्साहही खरा असतो. तथापि असे एक घर स्वतः दुरुस्त करून, त्यात चुकून आणि चूक निस्तरून झाल्यानंतर या विषयावर माझे मत बनले आहे. ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधशाळाचालकांपुढे स्पष्टपणे मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

माझे म्हणणे थोडक्यात असे : डोंगरातले जुने घर पाडू नये, ते दुरुस्त करावे. मात्र दुरुस्त केल्यावर त्याचे विश्रामधाम करण्याऐवजी ते औषधिद्रव्यांचे घर करावे. त्या घराची प्रकृती त्यासाठीच अनुकूल आहे आणि आपल्या व्यवसायाची आजची निकडही तीच आहे.

हिरड्यावर उभे राहिलेले घर

घर माझ्या आजोळचे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, गावठाणात. काळ्या दगडाचे जोते, दगडमातीच्या दीड हात रुंद भिंती, पुढे ओटी, मग पडवी, आत माजघर, वर माळा, मागे न्हाणी आणि गोठा. आजोबा हिरड्याचे व्यापारी होते. माघ-फाल्गुनापासून परिसरातील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून, वाळवून आणीत आणि आमच्या ओटीवर त्याचे वजन होई. आषाढातल्या अडचणीला आगाऊ रक्कम द्यायची आणि मोसमात त्या बदल्यात माल घ्यायचा, अशी तेव्हाची रीत होती. भाव ठरविण्याचा अधिकार झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला नव्हता. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण त्या घराची प्रत्येक तुळई हिरड्याच्या पैशांतून आली आहे आणि त्या पैशांचा पूर्ण हिशेब कधीच झालेला नाही.

आजी गेल्यावर २००३ मध्ये घर बंद झाले. पंधरा वर्षांनी मी कुलूप उघडले तेव्हा आढे एका बाजूला झुकले होते, माजघरातील एका खांबाचा पाय वाळवीने पोखरला होता आणि गोठ्याच्या भिंतीतून उंबराचे रोप बाहेर आले होते. भिंती मात्र कोरड्या होत्या. याच गोष्टीकडे माझे लक्ष जायला हवे होते. ते गेले नाही.

निदानावाचून चिकित्सा

रुग्णाच्या बाबतीत आपण दर्शन, स्पर्शन, प्रश्न या क्रमाने जातो. घराच्या बाबतीत मी थेट चिकित्सेला हात घातला. शहरातून एक ठेकेदार आणला. त्याने २०१८ च्या हिवाळ्यात दगडमातीच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, शेणाने सारवलेली जमीन उकरून चकचकीत फरशी बसविली आणि छपराखालचे झरोके ‘उंदीर येतात’ म्हणून बुजवून टाकले. घर नव्यासारखे दिसू लागले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ पाहायला आले. आजोळच्या नात्याने ते मला भाचा म्हणतात. भिंतीवर हात फिरवून ते म्हणाले, “भाचे, भिंतीला मेणकापड गुंडाळलंत. आता तिला घाम आला तर तो जाणार कुठं?” मी हसून विषय बदलला.

त्या वर्षी मी मोठ्या हौसेने गावातूनच बाळहिरडा खरेदी केला. मूळ स्थानावरचा, डोळ्यांदेखत वाळवलेला, निर्भेळ माल. माझ्या चिकित्सालयाला दोन वर्षे पुरला असता. प्लास्टिकच्या पोत्यांत भरून तो माजघरात ठेवला आणि दार लावून घेतले. २०१९ चा पावसाळा आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. भाद्रपद संपता संपता मी दार उघडले. भिंतींवर पाण्याचे ओघळ, फरशीवर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि पोत्यांत पांढरी-हिरवी बुरशी. सगळा हिरडा अंगणात जाळावा लागला. ज्या बाईने तो एकेक वेचून आणला होता ती आपल्या दारात उभी राहून पाहत होती. तिला तिचे पैसे मिळाले होते, परंतु त्या नजरेचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. दगडमातीची भिंत जमिनीतून थोडे पाणी ओढते, पावसाची झड थोडी पिते आणि ऊन-वारा मिळताच ते सोडून देते. हा आदानविसर्गाचा क्रम हेच तिचे स्वास्थ्य. सिमेंटचा थर कठीण आणि जवळपास अभेद्य असतो. भिंत किंचित हलली की त्याला केसासारख्या चिरा जातात. चिरेतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडण्याचा मार्ग बंद झालेला असतो. साचलेल्या ओलाव्याने आतली माती सैल होते, लाकडाची टोके कुजतात. स्रोतोरोध म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकविताना मी आता याच भिंतीचे उदाहरण देतो.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून घाटावर आले. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात घरांची छपरे उडाली आणि हिरड्याचे अतोनात नुकसान झाले. टाळेबंदीमुळे मी पुण्यात अडकलो होतो. आमच्या घराचे एक पाखे उघडे पडल्याचे कळले ते आठवड्यानंतर, आणि त्याच निरोपात असेही कळले, की गावकऱ्यांनी स्वतःची घरे शाकारून झाल्यावर आमच्याही छपरावर ताडपत्री बांधली होती. कुणी सांगितले नव्हते. ज्या घराने त्यांच्या आजांचा हिरडा पडत्या भावाने घेतला, त्या घरावर त्यांनी छत्र धरले. दुसऱ्यांदा दुरुस्ती करायची ती त्यांच्या हातांनी आणि त्यांच्या सल्ल्याने, असे तेव्हाच ठरले.

शोधन प्रथम, बृंहण नंतर

दुसरी दुरुस्ती २०२१ च्या दिवाळीनंतर सुरू झाली. तिचा क्रम येथे देतो, कारण अशा कामात पडू इच्छिणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

पहिले काम पाण्याचे. घराच्या वरच्या अंगाने उतारावरून येणारे पाणी जोत्याला न लागता बाजूने निघून जावे म्हणून चर खणला, वळचणीखाली दगड अंथरले आणि वाढलेली माती काढून जोते पुन्हा उघडे केले. निदानपरिवर्जन ते हेच. मग सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने उतरविला. हे काम वेळखाऊ आहे, पण यंत्राच्या हादऱ्याने दगड ढिले होतात. भिंती एक उन्हाळा तशाच उघड्या ठेवल्या. वृद्ध गवंडी म्हणाले, “हिला वाळू द्या, मग अंगात घालायचं बघू.” संसर्जन क्रमाची घाई करू नये, हे आपण रुग्णांना सांगतो, गवंड्याने मला सांगितले.

त्या उन्हाळ्यात छप्पर हाती घेतले. कौले चाळून फुटकी बदलली, कुजलेले वासे व रिपा नव्या घातल्या. खांबाचा कुजलेला पाय तेवढा कापून पक्क्या लाकडाचा जोड दिला आणि तो पुन्हा तळखड्यावर बसविला; संपूर्ण खांब टाकून देण्याची गरज पडली नाही. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावले. बिब्ब्याचे तेलही वाळवीवर चालते. भल्लातकाचा प्रताप वैद्यांना सांगायला नको, तरी गवंड्याला व सुताराला तो आधी सांगावा, एवढी सूचना अवश्य करतो.

गिलावा झाला तो पुढच्या हिवाळ्यात. चुनकळी विरवून खड्ड्यात महिनाभर मुरवली. त्यात वाळू, विटांची भुकटी, गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा. दक्षिणेत चुन्याच्या कामात हिरडा व गूळ वापरण्याची जुनी परंपरा आहे. आमच्या घराच्या भिंतीत हिरडा पुन्हा आला तो असा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो. त्यामुळे हे काम पावसाळ्याच्या तोंडावर कधीही करू नये. थंडीत करावे, ओले राखावे आणि त्याला महिने द्यावेत. आतून माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप दिला. फरशी काढून जमीन चोपून सारवली. झरोके पुन्हा उघडले, त्यांना जाळी लावली. पावसाच्या दिशेच्या भिंतीला जूनच्या आधी गवताच्या ताट्या बांधतो, गावात सगळेच बांधतात. त्यानंतरच्या पावसाळ्यांत माजघराची भिंत ओघळलेली नाही.

संहितेचा आधार नीट वाचावा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. असे घर दुरुस्त झाल्यावर तेथे पंचकर्म केंद्र का नको? या बेताच्या समर्थनार्थ कुटीप्रावेशिक रसायनाचा दाखला दिला जातो. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील त्रिगर्भा कुटी, तिच्या जाड भिंती, लहान झरोके, सर्व ऋतूंत सुखावह रचना हे सारे वाचताना जुने कौलारू घर डोळ्यांपुढे येते, हे मलाही मान्य आहे. ओटीवरून पडवीत, पडवीतून माजघरात जाताना प्रकाश, वारा आणि आवाज पायरीपायरीने कमी होत जातात. त्रिगर्भ रचना म्हणजे काय ते तेथे अंगाला कळते. परंतु त्याच ठिकाणी आचार्यांनी ही कुटी कोठे बांधावी हेही सांगितले आहे : जेथे वैद्य व सज्जन राहतात, जेथे भय नाही आणि जेथे उपकरणे सहज मिळतात अशा पुरात. निर्मनुष्य डोंगरकड्यावर नव्हे.

सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात शोधनासाठी लागणाऱ्या घराचे वर्णन याहून काटेकोर आहे. घर दृढ असावे, निवात असावे पण एका भागात वारा खेळता असावा. धूर, ऊन, पाणी, धूळ यांचा उपद्रव नसावा. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानगृह, स्वयंपाकघर यांची सोय असावी. आणि ते वास्तुविद्या जाणणाऱ्याने सिद्ध करावे. या यादीत ‘अनुपत्यक’ असा एक शब्द आहे. उपत्यका म्हणजे पर्वताच्या पायथ्याची भूमी. घर तिला लगटून नसावे, असा त्याचा सरळ अर्थ. वमन-विरेचनाचा व्यापद् झाल्यास रुग्णाला तातडीने हलवावे लागते. घाटातला रस्ता दरड कोसळून बंद झाला असेल, तर तेथे आपले पांडित्य उपयोगी पडत नाही.

आणि दरडीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्याच तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी तपासावी लागतील. मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण सर्वत्र होते. परंतु उताराचा पाया कापणे, पाण्याच्या जुन्या वाटा बुजविणे, झाडे काढून सपाटी करणे यांनी डोंगर दुबळा होतो, हे समजायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. दहा खोल्या, प्रत्येकीला जोडून स्नानगृह, वाहनतळ, त्यासाठी उतारात घुसलेले खोदाई यंत्र : हे ‘आयुर्वेदीय’ केंद्राचे आजचे चित्र आहे. आपल्या पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहाव्यात म्हणून कापलेल्या उताराखाली कुणाचे घर आहे, हे पाहिल्याशिवाय एकही टोपले माती हलवू नये.

मग या घराचे करावे काय?

आपल्या व्यवसायाचे आजचे खरे दुखणे द्रव्याचे आहे. चिकित्सा नेमकी, अनुपान योग्य, आणि हातात पडणारे चूर्ण जुने, किडलेले किंवा भलत्याच वनस्पतीचे. बाजारातील अशोक सालीत काय काय येते, हे औषधशाळाचालकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते असे शार्ङ्गधर सांगतो. आपल्याकडे येणारे कच्चे द्रव्य संकलनानंतर किती हातांतून, किती गोदामांतून आणि किती पावसाळ्यांतून आले, याचा पत्ता बहुधा पिशवीवर नसतो. बुरशीपासून उद्भवणाऱ्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आता औषधिकोशात आहे. प्रयोगशाळेत माल नापास होतो तेव्हा दोष वाहतुकीला दिला जातो, परंतु तो पुष्कळदा संकलनानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच जडलेला असतो. वाळवण अपुरे आणि साठवण ओली.

डोंगरातले जुने घर येथे कामास येते. सुश्रुताने भेषजागाराचे जे वर्णन केले आहे, त्यात फळ्या, खुंट्या, मातीची भांडी, कापडाच्या पुरचुंड्या यांचा उल्लेख आहे. आमच्या माळ्यावर हे सर्व आधीपासून होते. आता अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर हिरडा वाळतो. कोरडा झाला की तो गोणपाटात भरून, भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवला जातो. प्रत्येक गोणीवर झाडाची जागा, वेचल्याचा महिना आणि वेचणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. श्रावणात एखादा उघडीपीचा दिवस पाहून गोणी उघडून हलवतात. पाण्यात टाकल्यावर बुडणारे, जड, भरीव फळ घ्यावे ही पक्व हरीतकीची शास्त्रोक्त कसोटी गावातल्या बायकांना आमच्या आधीपासून ठाऊक होती, फक्त त्यांना तिचा भाव कुणी देत नव्हते. औषधी नावारूपाने गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी म्हटले आहे. तो उल्लेख आपण पाठ केला आणि त्या माणसांना मात्र विसरलो.

माझी सूचना अशी, की संघटनेच्या सभासदांनी व चार-पाच छोट्या औषधशाळांनी एकत्र येऊन अशी जुनी घरे भाड्याने घ्यावीत. विकत घेण्याचा मोह टाळावा. दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यावा, वाळवण व साठवणीची जबाबदारी गावातील गटाकडे द्यावी, आणि भाव मोसमापूर्वी ग्रामसभेत बोलून ठरवावा. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तेथील समाजाचा अधिकार मान्य केला आहे. आपण त्यांचे ग्राहक आहोत, मालक नव्हे. नरक्यासारख्या वृक्षाची एका रसायनासाठी सह्याद्रीत झालेली तोड आपण पाहिली आहे. झाड तोडून येणारे द्रव्य या घरात येणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लिहावा.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप नियमांचा : ‘शेणाने सारवलेले घर परिशिष्ट टी मध्ये बसेल काय?’ बसणार नाही आणि बसविण्याचा अट्टहासही नको. औषधनिर्मिती परवानाप्राप्त जागेतच व्हावी. येथे होईल ते संकलन, वाळवण आणि मोसमी साठवण. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्याला त्या नियमांत जी मोकळीक आहे, ती स्वच्छतेपासून मोकळीक नव्हे, हेही लक्षात ठेवावे. दुसरा आक्षेप परिमाणाचा : ‘एका माळ्यावर किती माल राहणार?’ मोठ्या कारखान्याला तो पुरणार नाही हे खरे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची गरज टनांत नसून गोणींत आहे. तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, सातबारा व नमुना आठचा उतारा कुणाच्या नावे आहे, हे आधी पाहावे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळकायद्याचा प्रतिबंध आहे आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल संहितेची बंधने आहेत. ती बंधने चुकविण्याच्या ‘वाटा’ दाखविणारे दलाल घाटात भरपूर भेटतात. त्या वाटेने मिळविलेल्या घरात बसून आचाररसायनावर व्याख्यान देता येणार नाही. म्हणूनच भाडेकराराचा आग्रह.

शेवटी एक गोष्ट. मागील मोसमात वजनाचा काटा ओटीवर मांडला तेव्हा, २०१९ मध्ये जिचा हिरडा मी जाळला ती बाई गोणी घेऊन आली. वजन झाले, तिने स्वतः आकडा वाचला, वहीत लिहिला आणि माजघरात जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. मग ती गोणी आत ठेवायला तिने आपल्या मुलाला हाक मारली.

आपल्या संघटनेने येत्या मोसमापूर्वी अशा एका तरी घराचा निर्णय घ्यावा, ही विनंती. कौले चाळण्याचे दिवस चैत्र-वैशाखाचे असतात. पावसाला सुरुवात झाल्यावर छपरावर चढता येत नाही.